मधमाश्यांचा मुहूर्त

मधमाश्या पाळायला सर्वांत आधी काय लागतं, असं विचारलं तर पुस्तकं सांगतात पेटी, यूट्यूबवरचे लोक सांगतात धीर, आणि मी सांगतो पंचांग. निदान उज्जैनमध्ये तरी. आमच्याकडे माणूस दाराशी नवं पायपुसणं टाकतो तेव्हासुद्धा आधी राहुकाळ बघून घेतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मधमाश्यांनाही ते लागू होतं, एवढंच माहीत नव्हतं.

मुळात मला मधाची आवड नाही. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून तर मी मधाच्या बाटलीकडे बघतही नाही. मला हवं होतं ते माझं परस. माधव नगरातल्या आमच्या घरामागे एक जांभळाचं झाड आहे, एक लिंबाचं आहे, एक शेवगा आहे आणि त्यांच्यामध्ये मी असतो. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की घरात मला बसायला जागाच नाही. पुढच्या खोलीत माझ्या पत्नीचे, अहल्याचे, संस्कृतचे क्लास. मधल्या खोलीत टीव्ही आणि टीव्हीसमोर माझी आई, म्हणजे माई. झोपायच्या खोलीत दिवसा बसलं, की दर थोड्या वेळाने कोणीतरी दारातून डोकावून "बरं नाही का?" असं विचारून जातं. राहता राहिलं परस. तिथे जांभळाखाली खुर्ची टाकून बसलं, की मला कोणी काही विचारत नसे. तेवढीच माझी इस्टेट.

त्या इस्टेटीवर शेजारच्या अनिल पोरवालची नजर पडली. सिंहस्थ जवळ येतोय, शहरात यात्रेकरूंना खोल्या पुरत नाहीत, त्यामुळे उज्जैनमध्ये ज्याच्याकडे छप्पर आहे तो सध्या होमस्टे काढतो आणि ज्याच्याकडे छप्पर नाही तो दुसऱ्याच्या छपराखाली होमस्टे काढायचा सल्ला देतो. अनिलने स्वतःच्या घराचं 'शिव-आश्रय' करून वरच्या मजल्यावर स्वतः राहायला सुरुवात केली होती. आता त्याला विस्तार हवा होता.

"भाभीजी," तो अहल्याला म्हणाला, "पीछे की जगह फालतू पड़ी है. दो कमरे निकालो अटैच बाथरूम के. बुकिंग अपन देख लेंगे. आपको बस चाबी देनी है."

"फालतू काय पडलीय?" मी म्हणालो. "मी बसतो तिथे."

"वही तो," अनिल म्हणाला.

अहल्याला ते पटलं. माईलाही पटलं, कारण यात्रेकरू आले म्हणजे पुण्यवान माणसं येणार आणि तिला बोलायला कोणीतरी मिळणार. घरात दोन विरुद्ध एक असं मत पडलं आणि लोकशाहीचा विजय झाला. मी बराच आरडाओरडा केल्यावर अहल्याने मुदत दिली. ती म्हणाली, "हे बघा, मी दुश्मन नाही तुमची. परस कामाचं आहे असं दाखवा. काहीतरी पिकवून दाखवा. दिवाळीपर्यंत नाही झालं तर दिवाळीनंतर ठेकेदार येईल आणि मग मला बोलायचं नाही."

शेवग्याच्या शेंगा पिकतातच की, असं मी म्हणालो. त्या झाड पिकवतं, तुम्ही नाही, असं उत्तर आलं. संस्कृत शिकवणाऱ्या बाईशी वाद घालू नये.

आमचं आडनाव पागनीस. पूर्वज शिंदे सरकारच्या पागेत घोड्यांची व्यवस्था बघायचे. त्यामुळे प्राणी सांभाळण्याची हातोटी रक्तातच असणार, अशी माझी समजूत. गाय परसात मावत नव्हती, कोंबड्या माईला चालत नव्हत्या. मधमाश्या शाकाहारी, स्वावलंबी आणि शिस्तीच्या. शिवाय मध पंचामृताला लागतो, म्हणजे माईच्या बाजूने हरकत येणार नाही. मी जाहीर करून टाकलं, की दिवाळीच्या पाडव्याला घरच्या मधाची बाटली देवापुढे ठेवीन.

जाहीर केल्यावर सल्ले यायला लागले. आमच्या गल्लीत भय्यासाहेब राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. त्यांना सगळ्या विषयांतलं सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं तो विषय त्यांच्या मते महत्त्वाचा नसतो. ते म्हणाले, "पागनीस, माशी काय करते, भ्यालेल्या माणसाचा वास घेते. तुम्ही भिऊ नका, म्हणजे सूट-बूट काही लागत नाही. आमच्या रतलामच्या स्टेशनमास्तरनी हाताने पोळं काढलं होतं."

"मग त्यांना चावल्या नाहीत?"

"चावल्या ना. पण भ्याले नाहीत."

मी सूट मागवला.

तसं मी सगळंच मागवलं, कारण सुरुवात करणाऱ्याजवळ काय काय असलंच पाहिजे यावर जेवढे व्हिडिओ होते तेवढे मी पाहिले होते आणि प्रत्येकात एक वस्तू वाढत होती. लाकडी पेटी. पेटीत टांगायच्या चौकटी. चौकटीत बसवायचे मेणाचे पातळ पत्रे, ज्यावर माश्या आपलं घर बांधतात. पांढरा अंगभर सूट आणि त्याला जोडलेली जाळीची टोपी. कोपरापर्यंतचे हातमोजे. माश्यांना शांत करायला धूर सोडायचं, भाता लावलेलं डबडं. चिकटलेल्या चौकटी उचकटायची पटाशी. माश्या हलकेच झटकायला मऊ ब्रश. आणि मध काढायचा स्टीलचा ड्रम, हँडल फिरवलं की आतल्या चौकटी गरागरा फिरतात असा. माश्या सोडून सगळं आलं.

सरकारी मदत मिळते असं भय्यासाहेबांनी सांगितल्यामुळे मी एका कार्यालयातही जाऊन आलो. नाव सांगत नाही, मला पुन्हा तिथे जावं लागेल. तिथल्या बाबूने माझा अर्ज उलटसुलट बघून विचारलं, "खेत का खसरा?"

खसरा म्हणजे आपला सातबारा. मी म्हणालो, खेत नाही, घर आहे, परसात पेटी ठेवणार आहे.

"बिना खेत के मधुमक्खी कैसे पालोगे?"

मी म्हणालो, साहेब, माश्या उडतात, त्या लोकांच्या शेतात जातील. यावर तो गंभीर झाला. "दूसरे की ज़मीन पर चराने का अलग फॉर्म है," तो म्हणाला. शिवाय प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. प्रशिक्षण कोणाला मिळतं? ज्याच्याकडे पेटी आणि माश्या आहेत त्याला. आणि पेटी-माश्यांना मदत कोणाला मिळते? ज्याच्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे त्याला. हे मी त्याला दोनदा समजावून सांगितलं. त्यालाही ते समजलं, उलट मला इतक्या लवकर समजलं याचं त्याला कौतुक वाटलं. त्याने चहा पाजला. मी घरी आलो.

सूट आला त्या दिवशी मी तो घालून बघितला. मापात होता. आरशात नीट दिसेना म्हणून गल्लीतल्या उजेडात गेलो. समोरच्या सुमनताई दूध घेऊन येत होत्या. त्यांनी मला बघितलं, दूध तिथेच ठेवलं आणि लांबूनच विचारलं, "किसके यहाँ निकला?" मी टोपीच्या आतून "अहो, मी पागनीस" असं ओरडलो. त्यांना त्यातलं फक्त "पागनीस" ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांच्या तोंडाला करोनातले जुने मास्क चढले होते आणि अहल्याच्या क्लासला एकही मुलगी आली नाही. माईला तिच्या बहिणीचा इंदूरहून फोन आला, की बातमी ऐकली, पण भेटायला येता येणार नाही.

तोपर्यंत बाकीचं सामान घरात रुळायला लागलं होतं. धुराचं डबडं माईने घेतलं. मी गोवरी आणि नारळाच्या शेंड्या घालून ते पेटवून बघत होतो, तर डास पळाले. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी माई त्यात गुग्गुळ घालून भाता दाबत सगळ्या घरातून फिरायला लागली. "साठ वर्षं मी निखाऱ्यावर फुंकर घालतेय," ती म्हणाली, "आणि आता आणलंस होय रे हे!" पटाशीने डबे फार छान उघडतात असा अहल्याला शोध लागला, ती स्वयंपाकघरात गेली. ड्रममध्ये पालेभाज्या धुऊन हँडल फिरवलं तर पाणी निथळतं. एकदा मला चौकटींच्या जागी मेथी दिसली. मी आवाज चढवला तर अहल्या म्हणाली, "मध आल्यावर देते ना तुम्हाला. अजून आला आहे का?"

मध माश्यांशिवाय येत नाही. माश्या मुरैन्याकडच्या एका माणसाकडून येणार होत्या. तो दर चार दिवसांनी फोनवर "बस निकल ही रहा हूँ" असं सांगायचा. गणपती बसले, गणपती उठले. आणि एके सकाळी दारात पिकअप उभी राहिली. मागे एक जुनी, रंग उडालेली, छोटी पेटी. आतून गुणगुण येत होती. खरं सांगतो, मी पेटीला कान लावून तिथेच उभा राहिलो. माणसाने एवढी वाट कशाची बघितली तर होणारच.

"छोटे बक्से में हैं," ड्रायव्हर म्हणाला, "आज-कल में बड़े में शिफ्ट कर देना. तंग हो जाएँगी." आणि तो पैसे घेऊन पुढच्या गावाला गेला.

मी पेटी उचलून दारापाशी आलो तर दारात माई.

"आज काय आहे माहीत आहे ना?" ती म्हणाली.

"काय?"

"पितृपक्ष लागला. नवीन काही घरात येणार नाही."

मी तिला सगळं सांगून बघितलं. माश्या आहेत, वस्तू नाही. माई म्हणाली, वस्तू असो नाहीतर सून, पितृपक्षात घरात येत नाही. अहल्याने तटस्थ राहायचं ठरवलं होतं. मी आत जाता येत नाही आणि परत देता येत नाही अशा अवस्थेत माश्या हातात घेऊन उंबरठ्याबाहेर उभा होतो. सुमनताई खिडकीतून बघत होत्या.

शेवटी पेटी ओट्यावर ठेवून मी राम घाटावर गेलो. आमचे गुरुजी तिथे बसतात. पितृपक्षात घाटावर पाय ठेवायला जागा नसते. अख्खा देश आपल्या पूर्वजांना पाणी द्यायला क्षिप्रेवर येतो. पिंडांची ताटं चुकवत, दोनदा ओल्या पायरीवर घसरत मी गुरुजींपर्यंत पोचलो. त्यांच्यासमोर राजस्थानचं एक कुटुंब तर्पण करत होतं. गुरुजींनी मंत्र न थांबवता मला भुवईने 'काय' म्हणून विचारलं. मी मधमाश्या म्हणालो. त्यांनी कुटुंबाला आणखी एकदा पाणी सोडायला लावलं आणि त्या वेळात विचार केला.

"देखिए," ते म्हणाले, "जीव का आना अतिथि का आना है. और पितृपक्ष में जीव को लौटाते नहीं. पता नहीं कौन किस रूप में आया हो. तो मक्खी आ सकती है. पर आपका बड़ा डिब्बा, औज़ार, ये सब नया सामान है. उसका उपयोग घटस्थापना से पहले आरंभ नहीं होगा. मैं स्वयं आकर करा दूँगा."

म्हणजे माश्या घरात येऊ शकत होत्या, पण त्यांचं घर येऊ शकत नव्हतं. नवी पेटी आधीपासून कोठीच्या खोलीत पडली होती, पण तिचा 'उपयोग' म्हणजे गृहप्रवेश, आणि तो पंधरा दिवसांनी. मी ड्रायव्हरचे शब्द सांगितले, तंग होतील म्हणून. गुरुजी म्हणाले, "एक पखवाड़ा तो धर्मशाला में आदमी भी निकाल लेता है."

शास्त्राला मान देऊन मी जुनी पेटी जांभळाखाली दोन विटांवर ठेवली. इथपर्यंत ठीक होतं. पण गुरुजींचं "पता नहीं कौन किस रूप में" हे वाक्य मी घरी सांगायला नको होतं. माई टीव्ही बंद करून उठली. मग परसात गेली, पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "तुझ्या आजोबांचा आवाज अस्साच होता. जेवण झाल्यावर गुणगुणायचे."

दुसऱ्या दिवशी पेटीसमोर खिरीची वाटी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी खीर, वडे आणि आमसुलाची चटणी. मी म्हणालो, माई, त्या फुलातलं खातात. ती म्हणाली, वर्षभर फुलातलं खातात, पंधरा दिवस घरचं खाऊ देत. माश्यांनी खिरीकडे बघितलं नाही, पण मुंग्यांनी बघितलं. जांभळाच्या बुंध्यापासून मोरीपर्यंत मुंग्यांची रांग लागली. मी विटांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्यात डास झाले. मग माई धुराचं डबडं घेऊन आली आणि आजोबांना गुग्गुळ द्यायला लागली. त्यामुळे माश्या बाहेर आल्या, अहल्याची एक विद्यार्थिनी 'रामः रामौ रामाः' म्हणता म्हणता किंचाळली आणि तिच्या आईने फी परत मागितली.

पंधरवडा सरत आला तशा माश्या पेटीच्या बाहेरच लोंबायला लागल्या, दाढीसारख्या. आत जागा नव्हती. मला काळजी वाटायला लागली. भय्यासाहेबांना दाखवलं. ते लांबून म्हणाले, "गरम होतंय त्यांना. काही नाही, हवा खातायत." मी गुपचूप नवी पेटी बाहेर काढायचं एकदा ठरवलं, पण कोठीच्या दारात माईने पाट टाकून बसायला सुरुवात केली होती.

घटस्थापनेचा दिवस उजाडला. दुपारी अभिजित मुहूर्त होता. गुरुजी आले. नव्या पेटीला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ लागली. पटाशीला, ब्रशला आणि ड्रमलाही कुंकू लागलं. मला सूट घालून पाटावर बसवलं, जाळीच्या टोपीवरून गंध लावायची अडचण आली म्हणून गुरुजींनी ते टोपीलाच लावलं. अनिल मोबाइल घेऊन आला होता. भय्यासाहेब न भिता पण भिंतीपलीकडे उभे होते. आपण जुन्या पेटीचं झाकण हळूच काढायचं, एकेक चौकट अलगद नव्यात ठेवायची, सगळं शांतपणे, कुठे आवाज नको, हे मी सगळ्यांना नीट सांगितलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती.

मी झाकणाला हात घातला आणि गुरुजींनी शंख फुंकला.

मुहूर्त साधला जाणं महत्त्वाचं. त्याच क्षणी माईने घंटा वाजवली, अहल्याने नारळ फोडला आणि पेटीतून सगळ्या माश्या एकदम उठल्या. पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. गुरुजी पाण्याच्या टाकीमागे. अनिल मोरीत, पण मोबाइल वर धरलेला. अहल्या आत, दार बंद, मी बाहेर. माई मात्र होती तिथेच बसून होती, घंटा वाजवत, आणि तिला एकही माशी चावली नाही. मला सूटच्या पायातून शिरून तीन जागी चावल्या. परसावर एक काळा ढग गरगरला, आणि मग जांभळाच्या खालच्या फांदीवर जाऊन हळूहळू बसला. हातभर लांब झुंबर. एकदम शांत. नुसती चमक आणि गुणगुण.

गुरुजी टाकीमागून बाहेर आले. त्यांनी फांदीकडे बघितलं, नव्या पेटीसमोरच्या घटाकडे बघितलं, अनिलच्या मोबाइलकडे बघितलं आणि हात जोडले. "भ्रामरी माता," ते म्हणाले, म्हणजे भुंग्यामाश्यांच्या रूपातली देवी. "प्रतिपदा. अभिजित. साक्षात."

माईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती खरी रडत होती. तिला काय वाटलं असेल ते मला कळत होतं. पंधरा दिवस सासरे म्हणून जिची सेवा केली ती देवी निघाली. मला मात्र दुसरं कळत होतं. असा थवा बसला, की लगेच उचलायचा असतो. खाली पेटी धरायची, फांदीला एक झटका द्यायचा, उरलेल्या ब्रशने आत लोटायच्या. हे मी व्हिडिओत शंभरदा बघितलं होतं आणि माझ्याजवळ त्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू होती. आत्ता उचलल्या तर मध, मध झाला तर परस. मी ब्रश आणि पेटी घेऊन फांदीखाली गेलो.

"ऐ! माता को छेड़ो मत!" भिंतीवरून आवाज आला. वर बघितलं तर भिंतीवर गल्ली बसली होती. अनिलचा व्हिडिओ माझ्या पायाची आग थांबायच्या आत सगळीकडे गेला होता.

"अहो, माझ्या माश्या आहेत त्या!" मी म्हणालो.

"माझ्या म्हणू नये, शैलेंद्र," माई म्हणाली. गुरुजींनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि फांदीच्या दिशेने लांबूनच चवरीसारखा हलवला.

संध्याकाळी माणसं आली. दुसऱ्या माळेला मक्सीची, नागद्याची, देवासची माणसं आली. महाकालचं दर्शन झालं की रिक्षावाले लोकांना सांगायचे, नवीन निघालंय, माधव नगरात, चला. अनिलने गल्लीकडच्या भिंतीत दार पाडून दिलं आणि दोऱ्या बांधल्या. 'शिव-आश्रय'च्या पाटीवर 'भ्रामरी माता से दस कदम' असं लिहून आलं. माझी साधनं तर अशी कामाला लागली, की व्हिडिओवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. माईचं धुराचं डबडं आरतीला. ड्रममध्ये प्रसादाचं पंचामृत, हँडल फिरवलं की एकसारखं होतं. हातमोजे चपला सांभाळणाऱ्याकडे. सूट घालून एक सेवेकरी गर्दी आवरत होता आणि लोक त्याच्याही पाया पडत होते. नव्या पेटीचं झाकण काढून वर फट पाडली होती, तिच्यात लोक नोटा टाकत होते. एकट्या मला काही काम नव्हतं.

मी अहल्याला म्हणालो, हे काय चाललंय?

ती चहाचं मोठं पातेलं उतरवत होती. "परस वाचलं ना तुमचं?" ती म्हणाली. "आता कोणी खोल्या बांधायचं नाव काढेल का? अनिलभाईच बोलले, उस जगह को हाथ नहीं लगाना. तुम्हाला हेच पाहिजे होतं की नाही?"

हेच पाहिजे होतं. मी मान्य केलं.

पाचव्या माळेला सकाळी ऊन वर आलं तशा माश्या उठल्या, झाडाला एक फेरी घातली आणि क्षिप्रेच्या दिशेने निघून गेल्या. मी एकटाच होतो तेव्हा. फांदी रिकामी झाली. मला वाईट वाटलं आणि लगेच हलकंही वाटलं. झालं, मी म्हटलं, संपलं. माता गेली, आता माणसं जातील. मी जाऊन अनिलला सांगितलं.

तो दात घासत होता. त्याने चूळ भरली, विचार केला. "ये तो बढ़िया हो गया, भाईसाब," तो म्हणाला. "बुज़ुर्ग और बच्चे डर के मारे अंदर नहीं आ रहे थे. अब आ जाएँगे." दुपारी फांदीला लाल कापड आणि चांदीच्या वर्खाचं छत्र लागलं. बुंध्याभोवती संगमरवरी ओटा बांधायचं ठरलं. मंडळ स्थापन झालं, भय्यासाहेब अध्यक्ष.

मग गर्दी इतकी वाढली, की आमचं पुढचं दारही 'बाहर', म्हणजे फक्त बाहेर पडायचं, झालं आणि आत यायचा रस्ता फक्त गल्लीतून राहिला. अष्टमीला मी भाजी आणायला फ्रीगंजला गेलो होतो. परत आलो तर दोरीपाशी एक नवीनच पोरगा उभा, गळ्यात मंडळाचा बिल्ला. त्याने हात आडवा केला.

"अंकल, लाइन से."

"अरे भाई, मेरा घर है ये. मैं यहीं रहता हूँ."

"हाँ अंकल," तो थकून म्हणाला, "सब यही बोलते हैं."

रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. मी तिच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. हातात दुधी आणि कोथिंबीर. माझ्यामागे एक बाई येऊन उभी राहिली, नागद्याहून आलेली, पायात जोडवी, डोक्यावर पदर. तिने दुधीकडे बघितलं आणि तो मी देवीला आणला असं समजून आदराने सरकली. थोड्या वेळाने म्हणाली, "पहली बार आए हो, भैया?"

"हाँ," मी म्हणालो. रांगेत पहिल्यांदाच आलो होतो, त्यामुळे ते खोटं नव्हतं, आणि पूर्ण खरं फारच लांब होतं.

"मैं तो बेटे की नौकरी के लिए आई. आप क्या माँगोगे?"

मी जरा विचार केला. भिंतीवरून जांभळाचा शेंडा दिसत होता, आणि त्याच्या सावलीत कोणी बसू नये म्हणून लावलेली पाटीही.

"बैठने की थोड़ी जगह," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला माझी खरोखरच दया आली. "मिल जाएगी, भैया," ती म्हणाली. "माता के यहाँ देर है, अंधेर नहीं." मग तिने मला हलकेच पुढे ढकललं, कारण रांग सरकली होती.